तीन संगणकांचा एक कीबोर्ड

"आणखी थोडं लावते," वहिनीसाहेब म्हणाल्या आणि त्यांनी अंगठा पुन्हा ओल्या हळदीत बुडवला.

तोवर कीबोर्डवर टिळ्यांची रांग लागली होती. माउसच्या पाठीवर बेंदराला रंगवलेल्या बैलासारखा ठप्पा उठला होता. तिन्ही संगणकांच्या कपाळी हळदीकुंकू होतं. तिसऱ्याच्या पडद्यावर खाकी कापडाचं झाकण होतं, तर त्या झाकणावरूनच झेंडूचा हार घातलेला. राहिली होती ती फक्त तळहाताएवढी काळी डबी. वहिनीसाहेबांनी तिच्या मधोमध अंगठा टेकवला, चांगला दाबला आणि वरून कुंकवाची भली मोठी चिमूट सोडली.

"हिला विसरून कसं चालेल? हे म्हणतात, सगळं धरण हिच्यावर चालतं."

ते खोटं नव्हतं. आमच्या बोरणा धरणाला दोन तोंडं. डाव्या अंगाला कालवा, त्याचे दोन दरवाजे. समोर नदी, तिचे पाच. पहिला संगणक धरणात पाणी किती आहे ते दाखवायचा, दुसरा कालव्याचे दरवाजे हलवायचा, तिसरा नदीचे. संगणक तीन, पडदे तीन, पण कीबोर्ड आणि माउस एकच. डबीवर एक बटण होतं. ते दाबलं की कीबोर्ड पुढच्या संगणकाला लागायचा. पहिल्याचा दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, तिथून परत पहिल्याला. सध्या कोणाला लागलाय, ते डबीवरच्या तीन बारीक हिरव्या दिव्यांवरून कळायचं.

असं का, म्हणून मी एकदा ठेकेदाराच्या माणसाला विचारलं होतं. तो म्हणाला, "भाऊसाहेब, धरणाला मालक एकच पाहिजे. तीन कीबोर्ड म्हणजे तीन मालक." आमच्या चिंचणकर साहेबांना, म्हणजे वहिनीसाहेबांच्या यजमानांना, हे तत्त्वज्ञान फार पसंत पडलं, कारण मालक कोण याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. मी कार्यालयाचा हिशेब लिपिक. मला एवढंच कळलं की दोन कीबोर्ड वाचले, आणि ते आमच्याकडे काही वाचले नाहीत.

त्या वर्षी खंडेनवमी आणि दसरा एकाच दिवशी आले. म्हणून साहेबांनी बेत आखला : दुपारी यंत्रांची पूजा, आणि लगेच त्याच पाटावर कालव्याला रब्बीचं पाणी सोडायचा मुहूर्त. पूजा आटोपली, नारळ फुटला आणि रिवाजाप्रमाणे सायरन वाजवला. गावात खंडेनवमीला मोटारसायकलींचे भोंगे वाजवतात, तशी आमच्या धरणाची ही सलामी. खाली नदीच्या वळणावरून लगेच हलगीचा कडकडाट वर आला. आमच्या वसाहतीतल्या आणि कोथळगावच्या बायका देवीला घेऊन विसर्जनाला निघाल्या होत्या. पात्र उन्हाने पांढरं पडलं होतं. पात्राच्या मधोमध राणडोह होता, त्यात तेवढं पाणी. तिथवर गोट्यांवरून चालत जायचं.

त्यांच्यात माझी मालन होती, आणि तिच्या कडेवर आमची सई. निघताना मी मालनला म्हटलं होतं, "डोहात मूर्ती सोड, पोरगी नको." ती म्हणाली होती, "तुमच्या जिभेला काही हाड?"

"चला बाबर," साहेब खुर्चीत बसत म्हणाले. "आकडा टाका. एंटर मी दाबतो."

हाही रिवाजच. सदाशिव बाबर आमचा यंत्रचालक. लग्नाआधीपासून रोजंदारीवर, आता दोन पोरांचा बाप. त्याला कायम करायची फाइल माझ्याच टेबलावरून मुंबईला गेली होती आणि तिथे कुठल्यातरी टेबलावर आराम करत होती. रोजचे दरवाजे तोच हलवायचा. पण फोटो काढण्यासारखा प्रसंग असला की आकडा बाबर टाकायचा आणि एंटरवर बोट साहेबांचं पडायचं. शुभहस्ते.

बाबरने डबीकडे पाहिलं. नेहमी कीबोर्ड पहिल्या संगणकाला लावून ठेवलेला असायचा, पाण्याची पातळी बघायला. बटण एकदा दाबलं की दुसरा, म्हणजे कालवा. त्याने दाबलं. मग सवयीने दिवा बघायला वाकला तर दिव्यांच्या जागी हळदीचा लपका. त्याने बोट पुढे केलं.

"अहो अहो, पुसू नका बाबर!" वहिनीसाहेब म्हणाल्या. "आजच्या दिवशी कुंकू पुसतात का कुठं?"

साहेबाच्या बायकोने लावलेलं कुंकू, तेही दसऱ्याला, साहेबासमोर. कोण पुसेल? मी असतो तर मीही पुसलं नसतं. बाबरने बोट मागे घेतलं. पँटला पुसलं.

"एक नंबर दरवाजा, एक फूट," तो पुटपुटला आणि टाइप केलं. साहेबांनी वहिनींकडे पाहिलं, फोटो निघाला आणि एंटर दाबलं गेलं.

कालव्याचा पडदा जसाच्या तसा. आकडा उमटला नाही, काही नाही. बाबरने माउस फिरवला. बाणही हलेना.

"हँग झालाय," तो म्हणाला.

यात नवल नव्हतं. दुसरा संगणक आठवड्यातून चार वेळा हँग व्हायचा. कधी बऱ्याच उशिराने जागा व्हायचा आणि मागचं सगळं एकदम करून टाकायचा.

"परत टाका," साहेब म्हणाले. "आणि लहान आकड्याला तो दाद देत नाही. मोठा टाका."

बाबरने दोन नंबरचा दरवाजा, तीन फूट टाकला. साहेबांनी एंटर दाबलं. पडदा ढिम्म. मी मागे प्रसादाचं ताट धरून उभा होतो. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या होत्या. बायकोसमोर यंत्राने ऐकलं नाही की त्यांचं तसं व्हायचं.

"सगळे टाका हो! सगळे दरवाजे म्हणून एक बटण आहे ना? ते टाका. कालव्याला आहेतच किती, दोन!"

बाबरने ते टाकलं. साहेबांनी एंटर असं दाबलं की कीबोर्ड पाटावरून सरकला.

मग आम्ही कालव्याच्या पडद्याकडे बघत थांबलो. खाली हलगी चालू होती. आणि माझ्या हातातल्या ताटात पेढ्यांशेजारी ठेवलेली पंचपात्री किणकिणायला लागली. हळू. एखाद्या बारीक घुंगरासारखी. मला वाटलं माझाच हात थरथरतोय. मी ताट टेबलावर ठेवलं. तरी ती किणकिणतच राहिली.

बाबरने मान वर केली.

"साहेब," तो म्हणाला, "ह्यो आवाज कालव्याचा न्हाई."

हा आवाज आम्ही सगळे ओळखत होतो. जुलै-ऑगस्टात रात्रंदिवस तो कानात असायचा. पायाखालच्या फरशीतून चढत येणारा, खिडकीच्या काचांत शिरणारा. नदीचे दरवाजे चालले की असं होतं.

बाबरने तिसऱ्या संगणकाकडे झेप घेतली. हार तुटला, झेंडू जमिनीवर सांडले. खाकी झाकण ओढलं. खाली पडदा चालूच होता, आणि त्यावर पाच दरवाज्यांचे पाच हिरवे आकडे अगदी शांतपणे, कोणाला काही न विचारता, वर चढत होते.

मग तो डबीकडे वळला आणि शर्टाच्या बाहीने हळदीकुंकू पुसून टाकलं. तिसरा दिवा पेटलेला होता.

आता सगळं उघड होतं. बटण बाबरने एकदाच दाबलं होतं. पण त्याआधी एकदा ते वहिनीसाहेबांच्या अंगठ्याने दाबलं गेलं होतं, पूजा करताना.

"बंद करा! बंद करा!" साहेब ओरडले.

बाबर बटणं दाबत होता. पडद्यावर एकच ओळ येत होती : दरवाजे चालू आहेत, थांबा. सगळे दरवाजे उघडायचा हुकूम पुरा झाल्याशिवाय तो संगणक दुसरं काही ऐकणार नव्हता. सगळं एका झटक्यात थांबवायचं लाल बटण धरणाच्या भिंतीच्या पार पलीकडच्या टोकाला होतं, दरवाज्यांच्या पेटीत. साहेबांनी चौकीदाराला तिकडे पिटाळलं. तो धोतर सावरत पळाला. मी खिडकीशी गेलो.

पहिल्या दरवाज्याखाली पांढरा पट्टा पडला होता. दुसऱ्याखाली त्याहून जाड. बाकीचे तीन नुकतेच फटीएवढे उघडले होते आणि त्यातून पाणी पंख्यासारखं फाकत होतं. दूर, वळणापाशी, पांढऱ्या गोट्यांवर रंगीत ठिपके. मध्ये देवीचं लाल छत. मी हिरवी साडी शोधायला लागलो. मालन हिरवी साडी नेसून गेली होती. त्या ठिपक्यांत अर्धे हिरवेच होते.

"सायरन!" मी म्हटलं. "साहेब, सायरन वाजवा!"

साहेबांनी खिडकीशेजारचा सायरन दाबला आणि दाबूनच धरला. काचा थरथरल्या. आम्ही तिघे खिडकीला चिकटलो. खाली ठिपके थांबले. वळले. धरणाकडे तोंड करून उभे राहिले. आणि मग सगळ्यांनी हात वर केले.

"उदे गं अंबे उदे!" बारीक, वाऱ्यावरून, ते आमच्यापर्यंत आलं.

त्यांना वाटलं, कालव्याला पाणी सुटलं. धरणाने दुसरी सलामी दिली. साहेबांचा अंगठा बटणावरून आपोआप सुटला. सायरन जितका जास्त वाजेल तितक्या त्या जास्त नाचणार होत्या.

"फोन लावा कोणाला तरी!"

"नदीत रेंज कुठं साहेब," मी म्हटलं. आणि मालनचा फोन घरी फ्रिजवर चार्जिंगला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहून आलो होतो.

बाबर दाराकडे निघाला होता. मी त्याच्या मागे. जिन्याच्या तोंडाशी साहेबांनी आम्हाला गाठलं. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता, पण डोकं साहेबाचंच होतं.

"हे बघा, खाली काय सांगायचं ते नीट ऐका. धरणात पाणी वाढलं म्हणून सोडलं. बस. चूक, कीबोर्ड, पूजा, यातलं काही तोंडातून जायला नको. बाबर, तुमची फाइल वर गेलीय. विसरू नका."

बाबरने मान हलवली की त्याची मान नुसतीच हलत होती, कोण जाणे.

मोटारसायकल माझी होती, पण चालवायला तो बसला. वसाहतीचा रस्ता, पाटबंधाऱ्याची रोपवाटिका, मग खडीचा उतार. नदी वळणं घेत जाते आणि रस्ता सरळ, ही एवढीच आमची जमेची बाजू होती. उजव्या हाताला झाडांमागे पाण्याचा आवाज होता. कधी मागे पडायचा, कधी शेजारी यायचा, आणि मला वाटायचं, आता पुढे गेला.

"तीनदा दाबलंय," बाबर ओरडून म्हणाला. "एक फूट. मग तीन फूट. मग समदं. तीन हप्त्यात येणार भाऊसाहेब. पयला घोट्याएवढा. दुसरा मांडीला लागंल."

"आणि तिसरा?"

गाडीचा वेग वाढला.

"चौकीदार पोचेल ना पेटीपाशी?"

"पोचंल. पण सुटल्यालं पाणी कुठं माघारी बोलावता येतंय?"

उतार संपला तिथे गाडी आडवी पडली. पाडली की पडली ते आठवत नाही. आम्ही काठावरून खाली उतरलो आणि पाहिलं तर पहिला हप्ता पोचला होता.

पांढऱ्या गोट्यांमधून तपकिरी पाणी पसरत येत होतं, पुढे वाळकी पानं आणि फेस ढकलत. बायका त्यात उभ्या होत्या. पळत नव्हत्या. कोणी वाकून ते पाणी डोळ्यांना लावत होतं. कोणी पदरात घेऊन देवीच्या पायांवर शिंपडत होतं. हलगीवाला बेभान वाजवत होता. आणि सगळ्यांच्या पुढे, देवीची मूर्ती ठेवलेल्या खडकापाशी, हौसाआत्या. म्हणजे बाबरची आई. गावच्या देवीची दरवर्षीची मानकरीण. कपाळभर मळवट, मोकळे केस आणि तोंडावर असं हसू की जन्मात मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"सदा!" तिने लेकाला पाहून हाक मारली. "बघ रं! आटलेल्या नदीला पाणी आलं! डोहापतूर न्यायचं काम न्हाई, बया सोताच आली न्यायला!"

"वर चला!" मी ओरडलो. "सगळ्या वर चला! पाणी येतंय!"

"आलंय की!" कोणीतरी हसून म्हणालं. "भाऊसाहेबांना आत्ता दिसलं!"

"अजून येतंय! मोठं! साहेबांचा आदेश आहे, पात्र रिकामं करा!"

"आदेश देवीला द्या म्हणावं," हौसाआत्या म्हणाली. "दसऱ्याला, बरोब्बर इसर्जनाच्या टायमाला पानी येतं. ह्यो तुमच्या साहेबाचा आदेश व्हय?"

हलगीवाल्याने त्यावर एक टिपेची थाप दिली. बायकांनी पुन्हा गजर केला. मी मालनला शोधत गर्दीत घुसलो. ती डोहाच्या बाजूला होती, साडी घोट्याच्या वर धरून. सई कडेवरून खाली वाकून पाण्यातलं पान पकडायला बघत होती. मी तिचा दंड धरला.

"अहो, लोक बघतायत..." ती म्हणाली, आणि मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून मी तिच्याशी एक वाक्य सरळ बोललो नसेन. त्या दिवशी मी काहीच बोललो नाही, नुसतं बघितलं. तिने पुढचं काही विचारलं नाही. सईला छातीशी घट्ट धरलं आणि काठाकडे निघाली. तिच्या मागे शेजारच्या दोघीतिघी निघाल्या. बाकीच्या नाहीत. बाकीच्यांची नजर हौसाआत्यावर होती. ती हलली असती तर सगळ्या हलल्या असत्या.

तेवढ्यात दुसरा आला.

आवाज आधी आला, खडी ओतल्यासारखा. मग पाणी एकदम गुडघ्याच्या वर चढलं. एक म्हातारी बसलीच. तिला दोघींनी उचललं. किंचाळ्या उठल्या, पण त्यांत भीती थोडी आणि आनंदच जास्त होता. देवीच्या खडकाला पाणी लागलं होतं. मूर्तीची पावलं विरघळून लाल रंग पाण्यात सुटला. ते बघून हौसाआत्याने हात जोडले आणि पाण्यात खाली बसू लागली, देवीसोबत, गळ्याएवढ्या पाण्यात.

"आये," बाबर म्हणाला.

तो तिच्यापासून चार हातांवर उभा होता. पँट मांडीपर्यंत भिजलेली. मला वाटलं, तो तिला ओढणार. तिला ओढलं असतं तर बायकांनी त्याला तुडवलं असतं. अंगात येण्याच्या वाटेवर असलेल्या बाईला कोणी हात लावत नाही.

"आये, देवी न्हाई ही."

"गप."

"मी सोडलंय पाणी."

हलगी थांबली.

"मी सोडलंय," तो पुन्हा म्हणाला, आणि आता मोठ्याने, कारण पाण्याचा आवाज वाढत होता. "चुकून. कालव्याला सोडायचं, ते नदीला सुटलं. चुकीचं बटण. वर अजून सुटतंय. समदे दरवाजे उघडलेत. देवी न्हाई आये, मी हाय. मी. सदा."

सगळ्या गावासमोर. त्याने वहिनीसाहेबांच्या अंगठ्याचं नाव घेतलं नाही, साहेबांच्या बोटाचं घेतलं नाही. मी तिथे मांडीएवढ्या पाण्यात उभा राहून हिशेब केला : कुंकू एकीचं, बोट दुसऱ्याचं, आणि नावावर पडलं ते या तिसऱ्याच्या. फाइलची तर गोष्टच संपली.

हौसाआत्याने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, असं मला वाटतं, पण तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता, तेव्हा क्षणभरच असेल. तिच्या तोंडावरचं ते हसू हळूहळू उतरत गेलं. मग ती उठली. साडी झटकली, पदर खोचला आणि बायकांकडे वळली.

"चढा गं वर!" ती ओरडली. "चढा! देवी असती तर थांबले असते. ह्या मुडद्याचा काय भरवसा!"

आणि सगळा घोळका, जो माझ्या आदेशाने हलला नव्हता, सायरनने हलला नव्हता, तो एकदम काठाकडे फुटला. कोणी कोणाची वेणी धरली, कोणी कोणाचं लेकरू घेतलं. म्हाताऱ्यांना दोन्ही बगलांत धरून ओढलं. हलगीवाल्याने हलगी डोक्यावर घेतली. बाबर सगळ्यांच्या मागे होता, आणि त्याच्या मागे त्याची आई, त्याला पाठीत बुक्क्या घालत वर ढकलत.

मी काठावर मालनच्या शेजारी पोचलो आणि वळून पाहिलं.

तिसरा हप्ता वळणावरून आला तेव्हा तो पाण्यासारखा दिसत नव्हता. नदीच्या पात्रातून एक तपकिरी भिंत आडवी सरकत येत होती. तिच्यात बाभळी होत्या, कुंपणाचे खांब होते, कोणाच्यातरी शेतातलं पाण्याच्या मोटारीवरचं पत्र्याचं टपरं होतं. ती राणडोहावरून गेली तेव्हा डोह कुठे होता ते कळेना. देवीचं लाल छत एकदा वर उसळलं, उलटं झालं, आणि नंतर दिसलं नाही. आम्ही जिथे उभे होतो तिथे, जिथे हौसाआत्या बसायला निघाली होती तिथे, एक मोठा वडाचा ओंडका गरगर फिरत होता.

सईला वाटलं गंमत आहे. तिने टाळ्या वाजवल्या. मालनने तिचे दोन्ही हात एका मुठीत धरून बंद केले.

पाणी ओसरायला संध्याकाळ झाली. चौकीदार पेटीपाशी पोचला होता. नसता पोचला तर आम्ही उभे होतो तो काठही राहिला नसता, असं नंतर बाबर म्हणाला.

चौकशी व्हायचीच होती. पुण्याहून एक मोठे अधिकारी आले. मुरलेले, हळू बोलणारे. आमच्या कार्यालयात टेबल मांडलं. जबाब लिहून घ्यायला मला बसवलं. साहेबांनी आपलं सांगितलं : तांत्रिक बिघाड, चालकाने परस्पर बटण दाबलं असावं, आपण त्या वेळी पूजेत होतो. 'असावं' हा शब्द त्यांनी असा वापरला की त्यात बाबर पुरता बुडावा आणि ते स्वतः कोरडे राहावेत. बाबर बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता. त्याचा जबाब शेवटी होता. त्याआधी गावातल्या बायकांचे.

हौसाआत्या आत आली. चप्पल दाराबाहेर काढली, खुर्चीवर बसली नाही.

"आजी," अधिकारी म्हणाले, "नदीला पाणी कोणी सोडलं?"

"देवीनं."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमचा मुलगा तर सगळ्यांसमोर म्हणाला, मी सोडलं. असं आम्हाला समजलंय."

"म्हणाला असंल. भ्यालेलं लेकरू साहेब, भीतीपोटी मानूस काय बी कबूल करतंय."

"पण मग तुम्हीच सगळ्यांना वर चढा म्हणालात ना? देवीचं पाणी होतं तर पळालात कशाला?"

"देवी आली की वाट सोडायची असती," ती म्हणाली. "मधी उभं ऱ्हाऊन तिला अडवायची असती व्हय?"

पुण्याच्या साहेबांनी पेन पुन्हा उचललं. पुढची बाई आली. देवीनं. तिच्या पुढची. देवीनं. हलगीवाल्यालाही बोलावलं, तो म्हणाला, वाजवताना मला काही ऐकू येत नाही, पण देवीनंच. मी पानामागून पान लिहीत होतो. शेवटी मालन आली, आपल्या नवऱ्यासमोर नाव-गाव सांगून उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "देवीनं." मी ते लिहिलं. अक्षर जरा तिरकं आलं, पण लिहिलं.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. संध्याकाळच्या आत त्यांना पुण्याला पोचायचं होतं. बाबरचा जबाब दोन ओळींत आटोपला. पुढे कधीतरी 'यंत्रणेतील दोष' असं काहीतरी कागदावर आलं. दोन नवे कीबोर्ड आले. साहेबांची बदली झाली. बाबरची फाइल उशिरा का होईना, सही होऊन आली.

पण मला त्या दिवसातलं लक्षात राहिलं ते जबाब संपल्यानंतरचं. आत हौसाआत्याने तो सगळा पुण्याचा साहेब एका हाताने उलटा केला होता. आवाज खणखणीत, नजर सरळ. मीही मनात म्हटलं, काय बाई आहे, हिला भीती ठाऊकच नाही. मग ती दाराबाहेर आली. बाबर उठून उभा राहिला. ती चप्पल घालायला खाली बघू लागली आणि तिचा पाय चपलेत जाईना. एकदा बाजूला पडला, दुसऱ्यांदा अंगठा पट्ट्यात अडकला. एवढा कापत होता तो पाय.

बाबर खाली बसला. त्याने तिची टाच हातात धरली, जराशी उचलली आणि चप्पल घातली. मग दुसरी.